मळ्याचा चहा आणि मिश्रणाचा चहा

आपल्या घरांतून सकाळ-संध्याकाळ जो चहा उकळला जातो त्याला गाव नसते. पुड्यावर व्यापाऱ्याचे नाव असते, वजन असते, किंमत असते, बहुधा एखादे प्रसन्न चित्रही असते. परंतु आतील पत्ती आसामच्या कोणत्या जिल्ह्यातील, कोणत्या मळ्यातील आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात खुडलेली, हा तपशील तेथे नसतो. आणि तो असणे शक्यही नसते, कारण त्या एका पुड्यात पंधरा, वीस, प्रसंगी तीस निरनिराळ्या ठिकाणचा माल बेमालूम एकजीव झालेला असतो. त्याच्या शेजारी, मोठ्या शहरांतील काही दुकानांत, दुसऱ्या जातीचे पुडे अलीकडे मांडलेले दिसतात. त्यांवर जंगपना, मार्गरेट्स होप, कॅसलटन, मकाईबारी अशी दार्जिलिंगच्या मळ्यांची नावे असतात, हंगाम आणि वर्ष लिहिलेले असते, आणि किंमत अशी असते की ज्या कुतूहलाने ग्राहक पुडा उचलतो त्याच्या दुप्पट काळजीने तो खाली ठेवतो. चहासारख्या रोजच्या जिनसेत एवढा भेद कशामुळे उत्पन्न होतो, त्यातील खरा किती आणि दुकानदारीचा किती, याची छाननी करावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. एका मळ्याचा चहा म्हणजे काही खास कृतीने सिद्ध केलेला निराळाच पदार्थ, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती अशी की मळ्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारा चहा मुळात एका मळ्याचाच असतो. कोलकाता, गुवाहाटी, सिलिगुडी, कुन्नूर, कोची येथे चहाचे जे लिलाव चालतात, त्यांच्या यादीत प्रत्येक मालापुढे मळ्याचे नाव, मळ्याने त्या खेपेला दिलेला इन्व्हॉइस क्रमांक, प्रत, नगांची संख्या आणि वजन मांडलेले असते. दलाल त्याच नावाने मालाची पारख करतो आणि खरेदीदार त्याच नावावर बोली लावतो. नाव पुसले जाते ते त्यानंतर, मिश्रण करणाऱ्या पेढीच्या गोदामात. तेव्हा मालाच्या प्रवासात नाव कोणत्या मुक्कामावर गळाले आणि कोणाच्या सोयीसाठी गळाले, हा या भेदाचा खरा मुद्दा आहे. मळ्याच्या चहात नाव कायम राहते आणि चव वर्षागणिक बदलते. मिश्रणात नाव जाते आणि चव कायम राहते. पुढील सर्व विवेचन या एका देवघेवीचे आहे.

चहाचे झुडूप वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरी एकच, 'कॅमेलिया सायनेन्सिस'. परंतु त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक चिनी, लहान पानांचा, सावकाश वाढणारा, थंडी सोसणारा. दुसरा आसामी, मोठ्या रुंद पानांचा, छाटला नाही तर वृक्षाएवढा होणारा. आसामच्या अरण्यांत हा दुसरा प्रकार आपोआप वाढत होता, आणि तेथील सिंगफो लोक त्याची पाने वापरीत होते. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश गृहस्थाला मणिराम देवान यांच्या मध्यस्थीने सिंगफो सरदाराची भेट घडली आणि ही गोष्ट कंपनी सरकारच्या कानावर गेली. १० जानेवारी १८३९ रोजी आसामच्या चहाच्या आठ पेट्या लंडनमध्ये लिलावात निघाल्या, आणि हिंदुस्थानी चहाच्या व्यापाराचा आरंभ झाला. ब्रह्मपुत्रेच्या काठच्या त्या उष्ण, दमट, सपाट मुलखातील मोठे पान रसायनांनी संपन्न असते. त्यातून उतरणारा अर्क गडद, तुरट आणि भरदार असतो. दार्जिलिंगची कथा अगदी निराळी आहे, आणि मळ्याच्या चहाचा विचार करावयाचा तर तिच्यावर थोडे थांबणे भाग आहे.

सिक्कीमच्या राजाने १८३५ साली दार्जिलिंगची डोंगरी पट्टी कंपनीला दिली ती गोऱ्या शिपायांच्या आरोग्यस्थानासाठी. चहा तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता. तेथील अधिकारी डॉक्टर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांना बागकामाचा नाद होता. त्यांनी १८४१ साली कुमाऊंहून आणलेले चिनी वाणाचे बी आपल्या बंगल्याच्या आवारात पेरले आणि ते सुमारे सात हजार फुटांच्या उंचीवर रुजले. पुढच्या दशकात सरकारी रोपवाटिका निघाल्या. याच सुमारास रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिज्ञाने, चिनी वेष करून, त्या देशातून रोपे, बी आणि चहा सिद्ध करणारे कारागीर हिमालयाच्या पायथ्याशी आणले, ज्याला सभ्य भाषेत संशोधन आणि रोखठोक भाषेत चोरी म्हणावे लागेल. १८५६ पासून व्यापारी तत्त्वावर मळे घातले जाऊ लागले. १८६६ साली त्यांची संख्या ३९ होती, १८७४ साली ११३ झाली. आज दार्जिलिंगच्या नावाची सनद असलेले मळे ८७ आहेत. आसामातील उष्ण मैदानात नामोहरम झालेला चिनी वाण या थंड उतारांवर सुखावला, आणि आसामचा धट्टाकट्टा वाण येथे काकडला, हा निसर्गाचा निवाडा कोणत्याही तज्ज्ञाला आधी वर्तविता आला नव्हता. लंडनच्या बाजारात ज्या सुगंधामुळे दार्जिलिंगची ख्याती झाली, तो असा अर्धवट योगायोगाने हाती लागलेला आहे.

हे मळे साधारणपणे दोन हजार ते साडेसहा हजार फुटांच्या उंचीवर, इतक्या तीव्र उतारांवर पसरलेले आहेत की एकाच मळ्याच्या तळाशी आणि माथ्याशी दोन ऋतू नांदत असावेत असे वाटते. उंचीवर रात्र थंड असते, धुके सूर्याला अडविते, कोंब सावकाश वाढतो. त्यामुळे पीक थोडे येते, परंतु सुगंधाची द्रव्ये त्या थोड्या पानांत दाटून येतात. उतार पूर्वेकडे तोंड करून आहे की पश्चिमेकडे, जमिनीतून पाणी किती लवकर निथळते, झुडपे शंभर-सव्वाशे वर्षांची चिनी आहेत की अलीकडे कलमांनी वाढविलेल्या निवडक वाणांची, या गोष्टींनी शेजारशेजारच्या दोन मळ्यांतील अंतर पडते. निवडक वाणांपैकी 'एव्ही-२' हा विशेष लोकप्रिय आहे. त्याच्या चहात फुलांचा गंध अधिक, परंतु जुन्या चिनी झुडपांच्या चहाला जी खोली असते ती त्यात कमी, असे जाणते लोक म्हणतात. मला स्वतःला जुन्या झुडपांचा पक्ष घ्यावासा वाटतो. परंतु ही आवड आहे, प्रमाण नव्हे.

स्थळाइतकाच काळाचा अंमल या चहावर चालतो. डिसेंबरपासून दार्जिलिंगची झुडपे झोपी जातात. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये थोडा पाऊस पडला की जो पहिला फुटवा येतो, त्याला व्यापारात 'फर्स्ट फ्लश' म्हणतात. त्याचा अर्क फिकट सोनेरी, गंध ताज्या गवताचा आणि फुलांचा, आणि जिभेला किंचित चुणचुणणारा असतो. मे-जूनमध्ये दुसरा फुटवा येतो, तो 'सेकंड फ्लश'; त्याचा रंग तांबूस, चव पिकलेल्या फळाकडे झुकणारी. जुलैपासून पावसाळी माल येतो. तो भरपूर, पाणचट आणि स्वस्त असून त्याचा बराच भाग मिश्रणांतच जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शरदाचा फुटवा येतो, त्याचा अर्क पुन्हा दाट आणि गोडसर होतो. त्यामुळे एकाच मळ्याचे नाव असलेले दोन पुडे हंगामाच्या फरकाने इतके भिन्न असू शकतात की अनभिज्ञाने त्यांना दोन देशांचे चहा समजावे. मळ्याचे नाव सांगून हंगाम न सांगणारा दुकानदार अर्धेच खरे बोलतो.

दुसऱ्या फुटव्याच्या ज्या चवीसाठी परदेशी गिऱ्हाईक दाम मोजते तिला 'मस्कटेल' म्हणतात, कारण ती मस्कट जातीच्या द्राक्षांची आठवण करून देते. या चवीमागील कारण मोठे विलक्षण आहे. मे-जूनच्या उबदार दिवसांत मळ्यांवर तुडतुडे आणि फुलकिडे येतात. कापसाच्या किंवा आंब्याच्या शेतकऱ्याला ही नावे ऐकताच फवारणी आठवेल. हे कीटक कोवळ्या पानातील रस शोषतात. पान कडेने पिवळे पडते, आखडते, वाढ खुंटते, आणि पीक घटते. परंतु दंश झालेले पान स्वतःच्या रक्षणासाठी काही उडनशील सुगंधी द्रव्ये निर्माण करते, आणि पुढे कारखान्यात तेच पान सुकविले व वळले गेले म्हणजे त्या द्रव्यांतून मस्कटेलचा तो मधुर गंध प्रकट होतो. तैवान बेटावर 'ओरिएंटल ब्यूटी' नावाचा जो नामांकित चहा होतो त्याचेही रहस्य हेच आहे. तेथेही तुडतुड्यांनी पछाडलेले पानच मुद्दाम खुडले जाते. अर्थात कीड किती येईल, कधी येईल, तिच्या मागोमाग पाऊस लौकर येऊन सर्व धुऊन नेईल काय, हे कोणत्याही व्यवस्थापकाच्या हाती नसते. एखाद्या वर्षी मस्कटेल उत्कृष्ट उतरते, एखाद्या वर्षी नावापुरते. ज्याला दर वर्षी तीच चव हवी आहे त्याने या भानगडीत पडू नये.

पान खुडल्यावर कारखान्यात त्याचे जे होते त्याचे वर्णन थोडक्यात करतो. सुमारे सव्वाचार-साडेचार किलो ओल्या पानापासून एक किलो चहा होतो. पान प्रथम रात्रभर वाऱ्यावर कोमेजवितात. मग यंत्राच्या तबकडीखाली वळतात, म्हणजे पेशी फुटून रस हवेशी मिळतो. हवेतील प्राणवायूने हिरवे पान तांबडे होऊ लागते. आणि योग्य क्षणी उष्ण हवेने ही क्रिया थांबविली जाते. दार्जिलिंगच्या फर्स्ट फ्लशचे पान इतके कडक कोमेजवितात की पुढे ते पुरते तांबडे होतच नाही. म्हणूनच काळा चहा म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या पत्तीत हिरव्या छटा दिसतात, आणि ग्राहक भेसळीची शंका घेतो. या सर्व क्रियेत घड्याळापेक्षा नाकाचे राज्य चालते. चहा-व्यवस्थापक पानांच्या थरावर वाकून वास घेतो आणि हुकूम देतो. त्याची बदली झाली की मळ्याचा चहाही पुष्कळदा बदलतो, आणि जमीन, पाऊस, झुडपे सारे तेच असताना लिलावात त्या मळ्याचा भाव चढतो किंवा उतरतो. स्थळमाहात्म्याचे पोवाडे गाताना ही माणसाची बाजू सहसा सांगितली जात नाही.

येथे एक हरकत रास्तपणे घेता येईल. मळा म्हणजे तरी काय एकजिनसी वस्तू आहे? दार्जिलिंगचा एकेक मळा शेकडो एकरांचा असतो. त्यात अनेक विभाग असतात, प्रत्येकाची उंची व झुडपे वेगळी. आणि एका दिवसाच्या मालात दोन-तीन विभागांचे पान सर्रास एकत्र येते. म्हणजे मिश्रण येथेही आहेच. फक्त ते हद्दीच्या आत आहे. जाणते खरेदीदार म्हणून मळ्याच्या नावावर न थांबता खेपेचा क्रमांक विचारतात. हंगामातील पहिल्या खेपेला 'डीजे-१', दुसरीला 'डीजे-२' असे क्रमांक चढत जातात, आणि एकाच आठवड्यात निघालेल्या दोन खेपांच्या भावांत मोठी तफावत पडू शकते. मैदानी मुलखात तर मळ्याची कल्पनाच सैल झाली आहे. देशाच्या चहापैकी निम्म्याच्या आसपास पान आज लहान शेतकऱ्यांच्या तुकड्यांवर पिकते. ते पान विकत घेऊन चहा बनविणारे स्वतंत्र कारखाने आहेत, आणि त्यांच्या मालात शेकडो शेतांचे पान पहिल्याच दिवशी एकत्र झालेले असते. आपण मघाशी म्हटले की लिलावापर्यंत चहाला मळ्याचे नाव असते. या मालाला तेही नसते, केवळ कारखान्याचे असते. एका मळ्याचा चहा ही कायद्याने काटेकोर मुक्रर केलेली संज्ञा नाही. ती एक हमी आहे, आणि हमी देणाऱ्याइतकीच ती विश्वसनीय आहे.

आता दुसऱ्या पक्षाची कैफियत ऐकू. मिश्रणाविषयी अलीकडे जो तुच्छतेचा सूर ऐकू येतो तो मला अन्यायाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्लंडात चहा सुटा विकला जाई. गिऱ्हाईक वाण्याच्या इमानावर अवलंबून असे, आणि वाण्याचे इमान बाजारभावावर. आर्थर ब्रूक याने १८६९ साली मँचेस्टरमध्ये दुकान काढून तयार मिश्रणे विकावयास प्रारंभ केला. त्याच्या पेढीच्या नावातील 'बाँड' हा कोणी भागीदार नव्हता, तो शब्द केवळ कानाला भारदस्त वाटला म्हणून जोडलेला. टॉमस लिप्टन १८९० साली सिलोनमध्ये मळे खरेदी करून या धंद्यात उतरला, आणि ठरावीक वजनाच्या, ठरावीक किमतीच्या पुड्यांनी त्याने चहा मजुराच्या घरात नेला. गावागावाचे पाणी वेगळे, म्हणून गावागावासाठी मिश्रण वेगळे, ही कल्पना त्याने जाहिरातीत आणि व्यवहारात दोन्हीकडे वापरली. आणि तीत तथ्य होते, कारण चुनखडीच्या जड पाण्यात नाजूक चहा मलूल पडतो आणि त्यावर साय धरते, तर हलक्या पाण्यात तोच खुलतो. पुड्यातील चहा आज जसा आहे तसाच पुढच्या महिन्यात असेल, हे वचन गरीब गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मळ्याच्या नावापेक्षा अधिक मोलाचे होते.

हे वचन पाळणे किती अवघड आहे याची कल्पना चहा चाखणाऱ्याच्या खोलीत गेल्यावाचून येत नाही. लांब ओट्यावर पांढऱ्या चिनी मातीचे झाकणाचे कप ओळीने मांडलेले असतात. प्रत्येकात अडीच ग्रॅमच्या आसपास पत्ती तोलून घातलेली, त्यावर नुकतेच उकळलेले पाणी, आणि पाच-सहा मिनिटांचा अवधी. लंडनच्या चाखणाऱ्यांनी हे वजन पूर्वी चांदीच्या सहा पेन्सांच्या नाण्याने ठरविले होते. चाखणारा कोरडी पत्ती पाहतो, भिजलेल्या पत्तीचा रंग व वास पाहतो, मग चमचाभर अर्क असा जोराने ओढतो की तो टाळूवर फवारला जावा. आणि लगेच पिकदाणीत टाकून पुढे सरकतो. हंगामात एका दिवसात शेकडो कप असे पार पडतात. त्याच्याजवळ आपल्या मिश्रणाचा प्रमाण-नमुना असतो, आणि त्याचे काम लिलावातील शेकडो नमुन्यांतून तो नमुना पुन्हा घडविण्याचे. आसामच्या दुसऱ्या फुटव्यातून भरदारपणा, दुआरच्या मालातून रंग, निलगिरीतून गंध, बारीक भुकटीतून लवकर उतरणारा अर्क असे घटक तो तोलतो. एखाद्या मळ्याचा माल महागला किंवा बिघडला तर त्याच गुणाचा दुसरा शोधून गिऱ्हाइकाच्या नकळत त्या जागी बसवितो. पावसाळ्यात पाणचट चहा भरमसाट येतो आणि हिवाळ्यात फारसे काही येत नाही. तरीही बाराही महिने पुड्याची चव हलू द्यावयाची नाही, ही कसोटी आहे. या कारागिराचे नाव कोणत्याही पुड्यावर छापले जात नाही. मळ्याचे नाव पुसले गेल्याचे दुःख ज्यांना होते त्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्रात चहा पिकत नाही, परंतु मिश्रणाची कला येथे घरोघरी परिचित आहे. सुट्या चहाच्या दुकानात 'फॅमिली मिक्श्चर' निराळे आणि 'हॉटेल मिक्श्चर' निराळे, हे कोणीही सांगेल. जुन्या गिऱ्हाइकांच्या घरचे प्रमाण दुकानदाराला तोंडपाठ असते, ममरी इतकी, पत्ती इतकी, भुकटी इतकी. ही दाणेदार ममरी म्हणजे व्यापारातील 'सीटीसी' चहा. आसामातील अमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर या व्यवस्थापकाने १९३० च्या सुमारास दातेरी रुळांचे यंत्र बनविले. त्यातून पान चिरडले, फाडले आणि गोळीसारखे वळले जाते. दाण्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून अर्क झपाट्याने, गडद आणि एका किलोत पुष्कळ कपांना पुरेल इतका उतरतो. आज देशातील दहा भागांपैकी सुमारे नऊ भाग चहा याच पद्धतीचा आहे. आपण चहात दूध घालतो, साखर घालतो, आले किंवा वेलदोडा घालतो आणि सर्व मिळून उकळतो. दुधातील केसीन हे प्रथिन चहाच्या तुरट द्रव्यांना बांधून टाकते. दार्जिलिंगच्या नाजूक अर्कात मुळातच ती थोडी, म्हणून तो दुधात नाहीसा होतो, आणि आसामी सीटीसी दुधाला पुरून उरतो. अमृततुल्याच्या पातेल्यात जंगपनाचा फर्स्ट फ्लश टाकणे हा पैशाचा अपव्यय तर आहेच, परंतु त्या चहाचाही अपमान आहे आणि त्या पातेल्याचाही.

दोन पद्धतींतील खरा भेद संकटसमयी दिसून येतो. २०१७ च्या जूनमध्ये दार्जिलिंगच्या डोंगरांत स्वतंत्र राज्याच्या मागणीसाठी बंद सुरू झाला आणि तो १०४ दिवस चालला. तोही ऐन दुसऱ्या फुटव्याच्या तोंडावर. मळे ओस पडले, झुडपे खुडल्यावाचून हवी तशी वाढली, तण माजले. त्या वर्षीचे उत्पादन जेमतेम ३२ लाख किलोवर आले. मिश्रण करणाऱ्याचा एक घटक असा बुडाला असता तर त्याने दुसरा शोधला असता. परंतु ज्याने कॅसलटनचे मस्कटेल मागितले त्याला त्या वर्षी द्यावयास काहीच नव्हते. आणि परदेशी खरेदीदार सरहद्दीपलीकडील नेपाळच्या इलामकडे वळले, जेथे हवा, उंची व वाण बरेचसे तेच आहेत. त्यांपैकी सर्व काही परत आले नाहीत. नावावर जगणाऱ्या मालाला नावाखेरीज दुसरा आसरा नसतो.

म्हणूनच त्या नावाची चोरी हा दार्जिलिंगच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न आहे. देशाचे एकूण उत्पादन सुमारे १३५ कोटी किलोच्या घरात, आणि त्यात दार्जिलिंगचा वाटा अलीकडे साठ लाख किलोंच्या आसपास, म्हणजे शेकडा अर्धासुद्धा नाही. परंतु जगात दार्जिलिंग म्हणून जो चहा विकला जातो तो याहून कितीतरी अधिक आहे. आपल्याकडे परप्रांतीय आंब्याच्या पेट्यांवर देवगड किंवा रत्नागिरीचे नाव कसे चढते हे ज्याने बाजारात पाहिले आहे त्याला हा प्रकार समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा आल्यावर देशात सर्वप्रथम नोंदणी झाली ती २००४ साली दार्जिलिंग चहाची. कोकणच्या हापुसाला ती मिळावयास २०१८ उजाडले. युरोपीय संघाने २०११ मध्ये दार्जिलिंगच्या नावाला संरक्षण दिले. तोपर्यंत तेथे निम्म्याहून थोडा अधिक दार्जिलिंग आणि उरलेला वाटेल तेथला चहा एकत्र करून तो दार्जिलिंगच्या नावाने खुशाल विकला जात असे. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. केवळ 'दार्जिलिंग' असे छापलेला पुडा अस्सल असूनही पाच-दहा मळ्यांच्या मालाचे मिश्रण असू शकतो. त्यात गैर काही नाही; परंतु तो प्रांताचा चहा होय, मळ्याचा नव्हे, आणि त्याचे दाम त्या मानाने द्यावे.

किमतीविषयी दोन शब्द. २०२१ च्या डिसेंबरमध्ये गुवाहाटीच्या लिलावात आसामच्या मनोहारी मळ्याचा सोनेरी कळ्यांचा एक किलो चहा ९९,९९९ रुपयांना विकला गेला, आणि वर्तमानपत्रांनी त्याची वार्ता मोठ्या अक्षरांत छापली. असे विक्रम थोड्या किलोंवर घडतात. त्यांनी मळ्याची जाहिरात होते आणि खरेदीदाराचीही. त्या आकड्यावरून चहाच्या चवीचा हिशेब मांडू नये. तीच गोष्ट पुड्यावरील 'एसएफटीजीएफओपी' सारख्या लांबलचक अक्षरमाळांची. ती प्रत पानाचा आकार, अखंडपणा आणि कळ्यांचे प्रमाण सांगते. चवीविषयी ती मौन बाळगते, आणि पुष्कळ उत्तम चहा कमी अक्षरांच्या प्रतीत मिळतो.

वाचकाला माझे सांगणे असे की घरचा चहा दुधात उकळावयाचा असेल तर मळ्याच्या नावासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. विश्वासू दुकानदाराचे मिश्रण घ्यावे आणि निःशंक मनाने प्यावे. परंतु वर्षातून एकदा तरी दार्जिलिंगच्या एखाद्या मळ्याचा पन्नास ग्रॅमचा पुडा आणावा. त्यावर मळा, हंगाम आणि वर्ष ही तिन्ही आहेत याची खातरजमा करावी. मोठ्या कपाला चमचाभर पत्ती, उकळी येऊन क्षणभर निवालेले पाणी, फर्स्ट फ्लश असेल तर तीन मिनिटे आणि सेकंड फ्लश असेल तर चार. दूध नको, आणि पहिल्या कपाला तरी साखर नको. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून तो काही महिन्यांत संपवावा, कारण विशेषतः पहिल्या फुटव्याचा गंध वर्षभरात उतरतो. आणि पुड्यावर नुसतेच मळ्याचे नाव असून वर्ष छापलेले नसेल, तर मुकाट्याने तो दुकानदाराला परत करावा.